मामाजींची बंडी

हेमांगी निखाडे अंगणात धान वाळत घालत होती आणि तिच्या कानातून जयसिंगपूरचे दिलावर मुजावर पेंटर तिच्याशी अस्सल झाडीबोलीत बोलत होते. दिलावरभाऊंना झाडीबोलीतला एक शब्द येत नव्हता. पण ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात राहिलेली नव्हती, आणि त्या दोघांच्या तर मुळीच नाही.

"मामाजीची बंडी सजवाची हाय, मंडईसाठी," हेमांगी म्हणाली. "तुमी कराल का जी?"

"हव, करतो ना. केवढी हाय बंडी?"

"मोठी हाय. आठ जन आरामात मावतेत."

पलीकडून खो खो हसू आलं. "मामाजी जबरच हायत मंग! बरं, मोठ्यात मोठी धरतो. पुढून उघडी ना?"

"पुढून उघडीच रायते. दोनी बाजूले चित्र पायजे, मंडईतल्या लोकायले दुरूनच दिसली पायजे. अन् मांगून पडदा लागन. पारावरच्या सप्पा लोकायचे व्हिडिओ त्याच्यावर दाखवाचे हायत."

"पडद्याची फिकर नोको. सप्पा सामान मीच घेऊन येतो. मंडईच्या आदल्या दिवशी वडशाले उतरतो."

हेमांगीनं समाधानानं फोन ठेवला आणि धानावर पाय फिरवायला लागली. पुण्या-कोल्हापूरकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे या बोलण्यावरून काय उभं राहिलं असेल, ते मला ठाऊक आहे. त्यानं जरा दम धरावा. ब्रह्मपुरी-वडशाकडे बंडी म्हणजे बैलगाडी, तिला तिकडे दुसरं नावच नाही. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, जिच्यात दिवसा बाजार भरतो आणि रात्री नाटक रंगतं. आणि मामाजी म्हणजे सासरे. हेमांगीच्या गावच्या, पिपरटोल्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं, म्हणून तर ते कोणी कोणाला सांगत नाही.

आता पाराबद्दल सांगायला हवं. पार हे एक समाजमाध्यम होतं, पण त्याला मालक नव्हता. गावच्या पाराला कुठे मालक असतो? जो सभासद होईल त्याच्या फोनमधली थोडी जागा पार वापरायचा, आणि अशा हजारो फोनांच्या चिमूटभर जागेवर तो सारा कारभार चाले. जाहिरात नाही, टाळ्यांचे आकडे नाहीत. तिथे एकानं 'हाक' मारायची आणि ज्याला जमेल त्यानं 'ओ' द्यायची, एवढाच नियम. कुडाळचा मुखवटे करणारा हाक मारायचा, मला माझ्या कामावर कोणी चार ओळी लिहून देईल का? धुळ्याकडच्या अहिराणी नकला करणाऱ्या बाईची ओ यायची. हेमांगी स्वतः 'धुऱ्यावरून' नावाचं बातमीपत्र चालवत असे. धुरा म्हणजे शेताचा बांध. बातमीपत्रात कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी शिरलं इथपासून दंडारीच्या लोकनाट्यात कोण छान नाचलं इथपर्यंत सगळं असायचं. त्या बातमीपत्राच्या पाटीची अक्षरं दिलावरभाऊंनी काढून दिली, तेव्हापासूनची तीन वर्षांची त्यांची ओळख.

पाराची खरी जादू होती 'पडसाद'. सभासदांपैकीच काही हौशी मंडळींनी बनवलेला हा दुभाष्या होता. बोलणाऱ्याचा आवाज तोच, त्यातला खोकला, हसू, दमसुद्धा तोच; पण बोली मात्र ऐकणाऱ्याची. दिलावरभाऊ कोल्हापुरी बोलायचे, हेमांगीला झाडीबोली ऐकू यायची. हेमांगी झाडीबोली बोलायची, दिलावरभाऊंना वाटायचं पोरगी शिरोळ तालुक्यातलीच असावी. सुरुवातीला लोकांनी तोंडात बोटं घातली, मग महिन्याभरात विसरून गेले. नळाला पाणी आलं की आड आठवत नाही.

बंडीचं प्रकरण साधं होतं. हेमांगीचे मामाजी, म्हणजे डोमाजी निखाडे, यांची वडिलोपार्जित बंडी गुरांच्या कोठ्यात उभी होती. सागवानाची, भरभक्कम. गावात बैलजोड्या आता बोटावर मोजण्याइतक्या उरलेल्या, पण डोमाजींनी आपली सोडली नव्हती. हेमांगीला ती बंडी गावोगावच्या आठवडी बाजारांत न्यायची होती. बाजूंवर रंगीत चित्रं, मागे पडदा, आणि त्यावर पारावरच्या सगळ्या मंडळींची कामं. ज्यांच्या हातात फोन नाही, किंवा असून ज्यांना पार ठाऊक नाही, त्यांच्यापर्यंत ती पोचली असती.

पण जंगलाच्या फाटकापाशी झालेल्या नव्या रिसॉर्टच्या मॅनेजरचाही त्याच बंडीवर डोळा होता. दारात उभी करून तिच्यात त्याला फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या.

"फोनातले लोक गोड बोलतेत," मामाजी सुनेला म्हणाले होते. "गोड बोलाले काय लागते? गावातला मानूस भांडते, पन बंडी चिखलात फसली तं खांदा देते. तुज्या त्या पारावरचा एक तरी मानूस मंडईले आन. त्यानं इथं येऊन आपल्या हातानं काम केलं, तं बंडी तुजी. नाही तं कुंड्या."

"आनतो म्हनजे आनतोच," असं हेमांगीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिनं नुसती मान हलवली आणि त्याच दिवशी हाक मारली. पहिली ओ दिलावरभाऊंची आली. बाराशे किलोमीटरवरून एक माणूस आपल्या शब्दाखातर येतो आहे, याचा तिला इतका आनंद झाला की तिनं अख्ख्या गावाला सांगून ठेवलं.

मंडईच्या आदल्या दिवशी वडशाच्या फलाटावर गाडी थांबली. पांढरी टोपी, आखूड मिशी आणि बगलेत कापडी पिशवी असे दिलावरभाऊ उतरले. हेमांगीनं त्यांना लगेच ओळखलं, कारण व्हिडिओत शंभरदा पाहिलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं मात्र, आणि तिला काही उमजेना.

"वळिकलं न्हाईसा व्हय ताई? आवो, म्याच की! गोंदियात गाडीनं लई खोळंबा केला बगा. ऱ्हावा, पाणी तेवडं पितो आनि मग निगूया."

आवाज ओळखीचा, माणूस ओळखीचा, आणि बोलणं मात्र परकं. आपल्याच घरात शिरावं आणि कोणीतरी सगळी भांडी दुसऱ्याच फळ्यांवर लावून ठेवलेली असावीत, तसं तिला झालं. पडसाद फक्त पारावरून बोलणाऱ्यांसाठी होता. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांना दुभाष्या लागेल, असं तो बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं.

"या जी, दिलावरभाऊ. तरास तं नाही ना झाला?" ती म्हणाली. "रंगाचे डबे कुटी हायत? मांगून येऊन रायले काजी?"

"रंग?" दिलावरभाऊंनी 'रंग' एवढा शब्द पकडला. "रंग कशाला आता? समदं झालंय न्हवं का. पिशवीत हाय." आणि त्यांनी पिशवीवर थाप मारली.

पिशवीत ब्रश असतील, रंग वडशातच घेऊ म्हणत असतील, अशी हेमांगीनं समजूत करून घेतली. बॅटरीच्या रिक्षातून गावाकडे जाताना दोघं भरपूर बोलले आणि भरपूर मान हलवली. माणसाला समजेनासं झालं की त्याची मान जास्त हलते. "मामांची तब्येत कशी हाय?" हे तिला कळलं. "येवड्या मोठ्या देहाला मंडईत दिसभर हुबं ऱ्हायाचं म्हंजे चेष्टा न्हाई," हे कळलं नाही, आणि ते एक बरंच झालं.

घरी मामाजी ओसरीवर बसलेले होते. काटकुळे, उंच, मनगटांची हाडं वर आलेली. दिलावरभाऊंनी त्यांना रामराम घातला आणि इकडे तिकडे पाहिलं.

"आनि मामा कुटं हाईत?"

"हेच मामाजी."

दिलावरभाऊंनी डोमाजींकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग आपल्या पिशवीकडे. मग सावकाश पिशवी उघडली आणि आतली वस्तू झटकून बाजेवर पसरली.

बंडी होती. बिनबाह्यांची, पुढून उघडी, खिशांची, कोल्हापूरकडे थोर माणसं सदऱ्यावर घालतात तसली बंडी. बाज तिच्याखाली झाकून गेली. डाव्या बाजूवर जांभळी वांगी अशी काढली होती की देठांवरचे काटे टोचावेत. उजवीकडे टोमॅटो, दोडके, आणि कडेनं सगळीभर कोथिंबिरीची वेलबुट्टी. छातीवर ट्रकमागच्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'मंडईचा वाघ'. पाठीला पडदेकापड शिवलेलं. हे नवं कापड तेव्हा नुकतंच सगळीकडे मिळायला लागलं होतं. त्याच्या धाग्याधाग्यात बारीक दिवे असतात, आणि फोनमधलं चित्र त्यावर भर उन्हातही स्पष्ट उमटतं.

"गाळा कंच्या लायनीत हाय मामांचा?" दिलावरभाऊंनी हौसेनं विचारलं. "भाजीचाच हाय न्हवं?"

हेमांगीनं कोठ्याकडे बोट केलं. "बंडी ते हाय."

"ती?" दिलावरभाऊ म्हणाले. "ती तर बैलगाडी!"

मग एकेक धागा उलगडत गेला. हातवारे, खाणाखुणा आणि शाळेतल्या पुस्तकातली मराठी यांच्या मदतीनं दोघांनाही कळलं की एकानं भाजीबाजारात बसणाऱ्या आठ माणसांएवढ्या लठ्ठ मामासाठी जाकीट शिवलंय, आणि दुसरीनं बैलगाडीसाठी चित्रकार बोलावलाय. एरवी यावर हसून हसून पोट दुखलं असतं. हेमांगीला रडू आलं. उद्या मंडई, बंडी कोरीच, आणि गावभर दवंडी पिटून झालेली.

मामाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तीन वरसं बोलून रायली तू ह्या मानसासंगं. अन् ह्याले बंडी मालूम नाही."

ते वाक्य हेमांगीला झोंबलं, कारण ते खरं होतं. तिनं तडक वसईला मेल्विन घोन्साल्विसला फोन लावला. पडसादची डागडुजी करणाऱ्या चौघांपैकी तो एक. फोन मोकळ्या आवाजावर ठेवला, तेव्हा पडसादनं विचारलं, ऐकणारे दोन बोलींचे आहेत, कोणत्या बोलीत बोलू? हेमांगीनं तो चिडून बंदच केला. तेव्हा मेल्विनचा आवाज तिला पहिल्यांदाच त्याच्या मूळ रूपात ऐकू आला. तो शाळेत शिकलेली पुस्तकी मराठी बोलत होता, वसईच्या हेलात.

"चूक पडसादचीच," सगळं ऐकून तो म्हणाला. हसू दाबायचा प्रयत्न त्याला फारसा जमत नव्हता. "तो अनोळखी शब्दापाशी थांबतो आणि बदलतो. बंडी, मंडई, मामा हे शब्द दोन्ही बोलींत आहेत. ओळखीचा चेहरा दिसला की पहारेकरी अडवत नाही, तसा तो त्यांना सोडून देतो. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांनी ही चूक केली नसती कदाचित. पण त्यांना झाडीबोली येतच नाही."

"पन तीन वरसात हे कोनाच्याच ध्यानात कसं नाही आलं?"

"थांब, बघतो." कळफलकाची टकटक ऐकू आली. "बोलणं आम्ही साठवत नाही, फोनमध्ये जागा नसते. पण कोणता शब्द किती वेळा आला याची मोजणी पडसाद ठेवतो." "हेमांगी, गंमत सांगू? 'म्हणजे काय?' हा प्रश्न पारावर गेल्या तीन वर्षांत जवळजवळ कोणी विचारलेलाच नाही. आधी लोक सारखे विचारायचे. पडसाद आल्यावर महिन्याभरात तो बंद झाला. आम्ही तेव्हा पेढे वाटले होते. वाटलं, सगळ्यांना सगळं समजतंय."

"अन् जे त्याले बदलताच येत नाही, त्याचं तो काय करते?"

आता मेल्विन चाचरला. "त्याचं सार ठेवतो. बाकीचं गाळतो."

हेमांगीला एकदम काहीतरी आठवलं. मागच्या वर्षी तिच्या सासूबाई वारल्या, तेव्हा दिलावरभाऊंचा फोन आला होता. तिला ऐकू आलं होतं ते एवढंच : लय वाईट झालं, धीर धरा. तेव्हा तिला जरा लागलंच होतं. इतक्या जवळच्या माणसानं दोन शब्दांत उरकावं? पण ती बोलली नव्हती. आता तिनं ते सांगितलं, पुस्तकी मराठीत, सावकाश, दिलावरभाऊंना कळेल असं.

दिलावरभाऊंचा चेहरा पडला. "येवडंच ऐकू आलं? आवो ताई, म्या दुकानाचं शटर ओढून बसलो हुतो. चहा निवून गेला माझा. माझी आई गेली तवाचं समदं सांगितलं तुमास्नी." ते फोनमधल्या मेल्विनकडे वळले. "ते कुटं गेलं?"

"ते आता नाही, दिलावरभाऊ," मेल्विन हळूच म्हणाला. "गाळलेलं आम्ही ठेवत नाही."

बाजेजवळ उभ्या असलेल्या मामाजींना कोल्हापुरीतलं सगळं कळलं नसावं. पण शटर, चहा आणि आई हे शब्द त्यांना कळले. आपल्या बायकोसाठी एका अनोळखी माणसानं दुकान बंद केलं होतं, हे त्यांना त्या ओसरीवर पहिल्यांदाच समजत होतं. त्यांनी ती अवाढव्य बंडी उचलली आणि सदऱ्यावर चढवली. त्यांच्या अंगावर ती खुंटीवर टांगल्यासारखी लोंबत होती.

"आंग भरन हळूहळू," ते म्हणाले. "उद्या पाहू."

दिलावरभाऊंनी सुई मागितली आणि बंडीच्या दोन्ही कुशींत मोठाल्या चुण्या घातल्या. शिवताना ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते आणि मामाजी त्यांना दोरा ओवून देत होते.

मंडईच्या दिवशी सकाळपासून कार्तिकातलं स्वच्छ ऊन पडलं होतं. बाजार फुलला, पाळणे लागले, गरम जिलेबीचा वास सुटला. हेमांगीनं कोरी बंडी मैदानात आणवली, मागे पांढरं कापड ताणलं, प्रोजेक्टर लावला आणि कपाळावर हात मारला. उन्हात कापडावर काही म्हणजे काही दिसेना. सगळी तालीम तिनं घरात, दारं लावून केली होती. पोरं जमली, कोऱ्या कापडाकडे थोडा वेळ बघत राहिली आणि पाळण्याकडे पळाली. रिसॉर्टचा मॅनेजर काळा चष्मा लावून लांब उभा होता. त्याला घाई नव्हती.

तेवढ्यात दिलावरभाऊंनी शिवलेली बंडी अंगात घालून मामाजी बैलांच्या बंडीवर चढले. बैल ऊन सोसेनात म्हणून त्यांना बंडी फक्त झाडाखाली न्यायची होती. ते धुरेवर, म्हणजे हाकणाऱ्याच्या जागी, बसले. तोंड बैलांकडे आणि पाठ बंडीच्या आतल्या बाजूकडे. दिलावरभाऊंनी त्या पाठीकडे पाहिलं आणि ते एकदम ओरडले, "ताई! फोन आना हिकडं!"

मामाजींच्या पाठीवर चित्र उजळलं. भर उन्हात, लख्ख. बंडीत बसायला ऐसपैस जागा होतीच, आठ जणांची. समोर पडदा, आणि पडदा स्वतःच बंडी हाकतोय. पाळण्याकडे गेलेली पोरं परत आली. त्यांच्या मागोमाग त्यांच्या आया आल्या. मामाजींनी कासरा झटकला आणि बंडीनं मैदानाला फेरी घातली.

हेमांगीनं एक गोष्ट मुद्दाम केली. सगळ्यांच्या चित्रफिती पडसादशिवाय लावल्या, ज्याच्या त्याच्या मूळ बोलीत. पहिला आला कुडाळचा मुखवटेवाला. हातात गणपतीचा मुखवटा धरून तो अभिमानानं म्हणाला, "ह्यो माझ्या झिलान रंगवलो हा."

"झिल म्हंजे?" बंडीतून एक म्हातारी ओरडली.

मामाजींना मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "झिल म्हंजे तलाव!" त्यांनी हिंदीच्या भरवशावर ठोकून दिलं.

"तलावानं रंगवला? तलावाले हात असतेत काजी?"

बंडी हसून हसून हलायला लागली. पुढची फीत धुळ्याच्या अहिराणी बाईची. ती म्हणाली, मना आंडोर फोटो काढस. पुन्हा गलका झाला, आंडोर म्हंजे? मामाजींनी सांगितलं, कोनतं तरी जनावर असन. बंडीच्या कडेला बसलेले दिलावरभाऊ हात वर करून म्हणाले, "मला वाटतंय, त्यो ल्योक हाय." "ल्योक म्हंजे?" शेवटी त्या म्हातारीनंच मांडीवर थाप मारून निकाल लावला. "आवो, टुरा! सप्पा जन आपापल्या टुऱ्याचीच गोष्ट सांगून रायले!" एका पोराला झिल, आंडोर, ल्योक आणि टुरा अशी चार नावं असतात, हा शोध पिपरटोल्याच्या मैदानात लागला. तो लावणाऱ्या म्हातारीनं मग बंडीतून उतरायलाच नकार दिला.

दुपार कलेपर्यंत बंडीसाठी रांग लागली होती. माणसं चित्रं बघायला चढत होती आणि 'म्हंजे?' ओरडायला थांबत होती. मामाजींची उत्तरं बहुतेक सगळी चुकत होती, आणि लोकांना तीच हवी होती. ते मागे वळून पाहायचे तेव्हा पडदाही वळायचा, आणि बंडीतले सगळे ओरडायचे, "पुढं पाहा ना जी!"

मॅनेजर शेवटी जवळ आला. "काका, बंडीचं काय ठरलं?"

मामाजींनी कासरा ओढला. 'मंडईचा वाघ' ही अक्षरं त्यांनी छाती काढून नीट दिसतील अशी धरली. "बंडी चालू हाय, साहेब," ते म्हणाले. "कुंड्या ठेवाले रिकामी नाही." मग हेमांगीकडे पाहून त्यांनी आवाज जरा खाली आणला. "त्यानं हातानं काम केलं. बंडीवर नाही केलं, पन केलं. बंडी तुजी झाली. हाकीन मात्र मी."

हेमांगी हसत होती आणि डोळे पुसत होती. दिलावरभाऊंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हटलं. या खेपेला तिनं मान हलवली नाही. तिनं विचारलं, म्हंजे? त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी पारावर वादाला तोंड फुटलं. मेल्विननं सगळं प्रकरण जसंच्या तसं मांडलं होतं. कोणी म्हणालं, पडसाद उद्याच बंद करा. धुळ्याची बाई उसळून म्हणाली, बंद करा म्हणणाऱ्यांनो, पडसाद नव्हता तेव्हा माझ्या नकला तापी ओलांडून कोणी ऐकल्या होत्या का? तेही खोटं नव्हतं. मेल्विननं मधला मार्ग सुचवला. पडसादनं गाळलेलं फेकू नये, आणि मधून मधून एखादा शब्द मुद्दाम न बदलता तसाच सोडून द्यावा, म्हणजे ऐकणाऱ्याला विचारावं लागेल. पण असे किती शब्द सोडायचे? फार सोडले तर माणसं कंटाळून उठून जातील, आणि कमी सोडले तर तीन वर्षं बोलून बंडी ठाऊक नसेल. त्याचा हिशेब काही लागेना.

संध्याकाळच्या गाडीनं दिलावरभाऊ निघाले. मामाजी त्यांना पोचवायला वडशापर्यंत आले होते, अंगात ती बंडी घालूनच. फलाटावर लोक वळून वळून बघत होते, आणि मामाजींना ते मुळीच नको वाटत नव्हतं. गाडीला अवकाश होता. तिघं बाकावर बसली.

"दिलावरभाऊ," हेमांगी सावकाश म्हणाली, "आत्याबाई, म्हंजे माज्या सासूबाई, गेल्या तवा तुमी काय म्हनलं होतं? थोडं तरी याद असन."

दिलावरभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वर्स झालं की वो. जसंच्या तसं न्हाई याद." मग टोपी परत डोक्यावर घातली. "पन येक इच्यारलं हुतं, ते पक्कं हाय. माझी आई गेली तवा समदे म्हनत हुते, धीर धर, धीर धर. येका म्हाताऱ्यानं तेवडं इच्यारलं, तुजी आई खायाला काय ब्येस करायची रं? तवा कुटं मला रडाय आलं, आनि बरं वाटलं. तेच म्या तुमास्नी इच्यारलं हुतं. सासूबाई काय ब्येस करायच्या? तुमी म्हनला, आभारी आहे. मला वाटलं, नको आसंल बोलायला."

वर्षभर एक प्रश्न वाटेत अडकून पडला होता, आणि त्याच्या बदल्यात दिलावरभाऊंना हेमांगीचे आभार पोचले होते. मामाजी दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. मग तिनं त्यांना झाडीबोलीत सांगितलं की हे विचारतायत, आत्याबाई काय चांगलं करायच्या.

गाडीची घोषणा झाली, माणसं सामान उचलायला लागली, दिलावरभाऊंनीही पिशवी उचलली. मामाजींनी बंडीच्या खिशात हात घातले, वांग्यांच्या मागे, आणि वर्षभरात कोणी न विचारलेल्या त्या गोष्टीचं उत्तर द्यायला ते एकदम सरसावून बसले.

"लाखोरीचे वडे," ते म्हणाले. "तसे वडे सप्पा झाडीत कोनी नाही केले."

दिलावरभाऊंनी पिशवी परत खाली ठेवली आणि बाकावर त्यांच्याकडे वळून, मांडी घालून बसले.

"लाखोरी म्हंजे?"